यान जाईल, दगड कोण वाचणार?

संयुक्त अरब अमिरातीचे ‘एमबीआर एक्सप्लोरर’ हे यान 2028 मध्ये लघुग्रहांच्या पट्ट्याकडे निघणार आहे. सहा लघुग्रहांच्या जवळून जात ते 2034 मध्ये जस्टिशिया या सातव्या लघुग्रहापाशी पोहोचेल आणि त्यावर एक छोटे लँडर उतरवेल, अशी योजना आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये ‘होप’ यान पहिल्याच प्रयत्नात मंगळाच्या कक्षेत शिरले, तेव्हा या देशाच्या अवकाशस्वप्नांना श्रीमंतांचा शौक म्हणणाऱ्यांची तोंडे बंद झाली. त्यामुळे नव्या मोहिमेच्या कुवतीवर शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळा आहे. अशा मोहिमेच्या पाठीशी अशनींचे समस्थानिक मोजणारी प्रयोगशाळा लागते, आणि त्या एकाच कामात तीस-चाळीस वर्षे घालवायला तयार असलेला शास्त्रज्ञ लागतो. मोहिमेच्या घोषणांमध्ये त्याचे नाव क्वचितच येते. माझ्या मते यानाइतकीच, किंबहुना थोडी जास्तच, त्याची गरज आहे.

कारण जस्टिशियाचा पत्ता संशयास्पद आहे. 1887 मध्ये योहान पालिसा यांनी व्हिएन्नाहून शोधलेला हा सुमारे 50 किलोमीटरचा लघुग्रह फिरतो मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात. पण त्याचा रंग इतका लालसर आहे, की तसा रंग सहसा नेपच्यूनपलीकडच्या गोठलेल्या पिंडांवरच दिसतो. हा तिकडून आत आलेला पाहुणा आहे का? यानावरची उपकरणे त्याचा पृष्ठभाग, तापमान, तिथले सेंद्रिय पदार्थ आणि पाण्याच्या खुणा यांबद्दल पुष्कळ सांगतील. जन्मस्थान मात्र रंगावरून ठरत नाही. गेल्या दीड दशकात एक गोष्ट स्पष्ट झाली आहे. क्रोमियम, टायटॅनियम अशा मूलद्रव्यांच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजले, की अशनींची दोन घराणी पडतात. एक सूर्याजवळ घडलेल्या पिंडांचे, दुसरे दूरवर घडलेल्यांचे. गुरू फार लवकर वाढला आणि त्याने या दोन भागांतला माल एकमेकांत मिसळू दिला नाही, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. ही मोजमापे दगड हातात असल्याशिवाय होत नाहीत, आणि अमिरातीचे यान दगड आणणार नाही. जपानच्या ‘हायाबुसा-2’ने 2020 मध्ये र्‍युगू लघुग्रहावरून जेमतेम 5.4 ग्रॅम माल आणला. तो टांझानियात 1938 मध्ये पडलेल्या इवुना अशनीच्या गोत्रातला निघाला. इवुनाचा अभ्यास आधीच झालेला होता, म्हणून हे नाते जुळवता आले.

असा अभ्यास करणाऱ्याचे आयुष्य कसे असते, हे पाहायला फार लांब जायला नको. आसामातल्या जोरहाटचे जितेंद्रनाथ गोस्वामी अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत आले आणि तिथेच अशनींच्या कणांमध्ये रमले. सूर्यमाला जन्मत असताना तिच्यात ॲल्युमिनियम-26 हा किरणोत्सारी समस्थानिक होता. दर सात लाख वर्षांनी तो निम्मा होतो आणि त्याचे मॅग्नेशियम-26 बनते. म्हणजे आज तो मुळीच उरलेला नाही, पण त्याच्या जागी वाढलेले मॅग्नेशियम दगडात शिल्लक आहे. मेक्सिकोत 1969 मध्ये पडलेल्या आयेंदे अशनीत ही वाढ 1976 मध्ये अमेरिकी गटाने दाखवली. 1994 मध्ये गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एफ्रेमोव्का अशनीत कॅल्शियम-41चा माग काढला. त्याचा अर्धायुकाल फक्त लाखभर वर्षांचा. तो दगडात सापडतो याचा अर्थ, हे द्रव्य कुठल्यातरी ताऱ्यात तयार झाल्यापासून दगडात बंदिस्त होईपर्यंत फार तर दहा-बारा लाख वर्षे गेली असणार. मग जून 1996 मध्ये राजस्थानच्या पाली जिल्ह्यात पिपलिया कलां इथे एक अशनी पडला. एकदा वितळून थिजलेल्या पिंडाचा तो तुकडा होता. त्यात या गटाला विझलेल्या ॲल्युमिनियम-26ची खूण मिळाली आणि 1999 मध्ये ‘सायन्स’मध्ये निबंध आला. छोटे पिंड आतून वितळवणारी उष्णता याच समस्थानिकाची असावी, या तर्काला त्यामुळे प्रत्यक्ष आधार मिळाला. पुढे हेच गोस्वामी ‘चांद्रयान-1’चे मुख्य शास्त्रज्ञ झाले. आधी दगड आणि मग चंद्र, हा क्रम योगायोगाचा नव्हता. यानावर कोणते उपकरण हवे हे सांगायला, ते काय शोधणार आहे हे कळणारा माणूस आधी तयार असावा लागतो.

अमिरातीच्या दारातच दगडांची खाण आहे. कोरड्या हवेत अशनी हजारो वर्षे टिकतात, फिकट जमिनीवर काळे दगड चटकन दिसतात. शेजारच्या ओमानमध्ये 2001 पासून स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांसह पद्धतशीर शोध चालू आहे आणि हजारो तुकडे मिळाले आहेत. जानेवारी 2002 मध्ये तिथे सापडलेला 206 ग्रॅमचा ‘सयह अल उहैमिर 169’ हा चंद्राचाच तुकडा निघाला. त्यातल्या समस्थानिकांवरून चंद्रावरचे इम्ब्रियम हे प्रचंड खोरे सुमारे 391 कोटी वर्षांपूर्वी घडल्याचे सांगता आले. दगड अरबी वाळवंटातला. निष्कर्ष काढण्यात पुढाकार मात्र युरोपीय प्रयोगशाळांचा. शारजाहच्या खगोल अकादमीने उल्कांवर नजर ठेवणारे कॅमेरे वाळवंटात उभारले आहेत. सुरुवात म्हणून ते चांगले आहे, पण पडलेला दगड उचलल्यानंतरचे काम त्याहून कितीतरी लांबलचक असते.

यावर पहिला आक्षेप येईल तो उपयोगाचा. साडेचारशे कोटी वर्षांपूर्वी काय घडले, याने तेलोत्तर अर्थव्यवस्था उभी राहणार आहे का? याचे उत्तर क्लेअर पॅटरसन यांच्या कामात आहे, आणि तेलावर वाढलेल्या देशाने ते अवश्य वाचावे. अशनीतल्या शिशाचे समस्थानिक मोजून पॅटरसन यांनी 1956 मध्ये पृथ्वीचे वय 455 कोटी वर्षे ठरवले. त्याआधीची कित्येक वर्षे आकडा जुळतच नव्हता, कारण हवेतले, भांड्यांतले, माणसांच्या अंगावरचे शिसे नमुन्यात मिसळत होते. ते टाळण्यासाठी त्यांनी अतिस्वच्छ प्रयोगशाळा उभारली, आणि आपल्याभोवती इतके शिसे आले कुठून, हा प्रश्न त्यांना गप्प बसू देईना. उत्तराचा मोठा भाग पेट्रोलमध्ये होता. तेल आणि शिसे उद्योगाशी त्यांनी दिलेल्या झगड्यातून शिसेविरहित पेट्रोलला बळ मिळाले. अशनीच्या अभ्यासाने जगभरच्या मुलांच्या रक्तातले शिसे कमी केले, असे म्हणण्यात अतिशयोक्ती फारशी नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. छोट्या देशाने सगळे स्वतः का करावे? ‘होप’ कोलोरॅडो विद्यापीठाच्या साथीने घडले, जपानी रॉकेटने गेले. मोजमापेही बाहेर करून घ्यावीत. भागीदारीत कमीपणा काहीच नाही, हे मान्य. पण समस्थानिक मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर विकत मिळतो, हात मिळत नाहीत. दशलक्षात काही भागांचा फरक खरा की धुळीचा, हे ओळखणारी नजर एका प्रकल्पाच्या करारात तयार होत नाही. जिथे सुमारे नव्वद टक्के रहिवासी परदेशी आहेत, तिथे अडचण नेमकी इथेच आहे. 2019 पासून शास्त्रज्ञांनाही मिळू लागलेला दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा हे योग्य पाऊल आहे. मात्र दहा वर्षांत अशा माणसाची जेमतेम उमेदवारी संपते.

मुंबई-पुण्यात बसून दुबईला शहाणपण शिकवण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाही, हेही सांगायला हवे. बुलढाण्यातले लोणार सरोवर अशनिपाताने बनले. त्याचे वय पन्नासेक हजार वर्षे असल्याचे बराच काळ सांगितले जाई. 2011 मध्ये आर्गॉनच्या समस्थानिकांवरून ते 5 लाख 70 हजार वर्षांच्या आसपास असल्याचे पुढे आले, आणि ते मोजणारा गट ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा होता.

अमिरातीने मोहिमेच्या खर्चातला छोटासा वाटा बाजूला काढून अशनीसंग्रह, स्वच्छ प्रयोगशाळा आणि निवृत्तीपर्यंतची पदे आजच जाहीर करावीत. ती पदे तिथे वाढलेल्या मराठी, मल्याळी, पाकिस्तानी मुलांनाही खुली असावीत. यान 2034 मध्ये पोहोचेल. त्या वेळी हे काम हाती घेऊ शकेल असा पीएच.डी. झालेला संशोधक हवा असेल, तर तो आज बारावीच्या वर्गात बसलेला आहे.