आधी मागची बाजू बघा

नव्या घरात राहायला गेलेले, मुलं परगावी गेल्यावर पुन्हा गाण्याकडे वळलेले किंवा निवृत्तीनंतर थोडा निवांतपणा लाभलेले ओळखीचे लोक हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. वायफायला जोडायचा, दोन स्पीकरच्या वायरी लावायच्या की झालं, असा छोटा ॲम्प्लिफायर मिळतो म्हणे. तो घ्यावा का? पैसे वसूल होतील का? या प्रश्नाला उत्तर देणारे बहुतेक जण फक्त आवाजाबद्दल बोलतात. मला वाटतं, या खरेदीत आवाजाची काळजी आता सगळ्यात कमी उरली आहे. विचार करायचा तो या यंत्राच्या आयुष्याचा.

बोलायला एक ठरावीक उदाहरण घेऊ. लिंकप्ले कंपनीने २०२३ मध्ये ‘विम ॲम्प’ आणला. अमेरिकेत त्याची किंमत २९९ डॉलर होती. आजच्या दराने रुपयांत ही रक्कम पंचवीस हजारांच्या वर जाते आणि आयात शुल्क, कर धरून आपल्याकडे आणखी वाढते. आकाराने एक किलो पेढ्यांच्या खोक्याएवढा, वजन दोन किलोच्या आत. आठ ओहमच्या स्पीकरला प्रत्येक बाजूला ६० वॅट, चार ओहमला १२०. याच कामासाठी सोनोस कंपनीचा ॲम्प घ्यायचा तर अमेरिकेतच दुपटीहून जास्त पैसे पडतात.

असा ॲम्प्लिफायर नेमकं काय जास्त देतो? ब्लूटूथवर गाणं लावलं की ते आपल्या फोनमधूनच जातं. कुणाचा फोन आला की तान मध्येच तुटते. फोन खिशात घालून स्वयंपाकघरात गेलात की आवाज अडखळतो. गूगल कास्टसारख्या पद्धतीत फोन फक्त काय लावायचं ते सांगतो आणि गाणं ॲम्प्लिफायर स्वतः वायफायवरून आणतो. फोन मोकळा राहतो आणि बैठक मोडत नाही. तासाभराचा ख्याल ऐकणाऱ्याला ही सोय किती मोलाची आहे, हे वेगळं सांगायला नको.

आता आवाजाचं पाहू. एवढ्याशा यंत्रात एवढी ताकद कशी, ही शंका रास्त आहे, कारण आपल्या आठवणीतले ॲम्प्लिफायर दहा-दहा किलोचे, भल्यामोठ्या ट्रान्सफॉर्मरचे आणि हात लावला तर चटका देणारे होते. त्यांच्या पद्धतीत विजेचा मोठा हिस्सा उष्णतेत जायचा. ‘क्लास डी’ पद्धतीत ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा पूर्ण चालू आणि पूर्ण बंद होतात, अर्धवट अवस्थेत रेंगाळत नाहीत. त्यामुळे पूर्ण ताकदीवर नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज स्पीकरपर्यंत पोहोचते. कल्पना जुनी आहे. ब्रिटनमध्ये सिंक्लेअरने १९६४ मध्ये ‘एक्स-१०’ नावाचा असा संच विकायला काढला होता, पण तेव्हाचे ट्रान्झिस्टर या कामाला पुरे पडत नव्हते. आज टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एक चिप ते काम करते आणि तीच चिप अनेक कंपन्यांच्या ॲम्प्लिफायरमध्ये सापडते. स्वस्ताई आली ती इथून.

वॅटच्या आकड्याने मात्र अजूनही माणसं भुलतात. टेपरेकॉर्डरवर ‘पीएमपीओ’चे हजारो वॅट छापलेले स्टिकर आपण पाहिले आहेत, त्या आकड्यांना काही अर्थ नव्हता. घरगुती स्पीकरला एक वॅट दिला तर एक मीटरवर साधारण ८७ डेसिबल आवाज मिळतो. घरातलं बोलणं साठच्या आसपास असतं. म्हणजे रोजच्या ऐकण्याला एखादा वॅट पुरतो आणि उरलेली ताकद तबल्याच्या कडक थापेसाठी, वाद्यवृंदाच्या उसळीसाठी राखीव राहते. साठाचे एकशे वीस वॅट केले तर फक्त तीन डेसिबल वाढतात. कानाला दुप्पट वाटायला दहापट ताकद लागते. दहा बाय बाराच्या खोलीत ६० वॅट खऱ्या अर्थाने पुष्कळ आहेत. शंभर वॅटसाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा ते स्पीकरवर घाला. आवाजातला फरक घडतो तिथे.

स्पीकरनंतर खोली. आपल्या घरांत फरशी, रंगवलेल्या भिंती, मोठ्या काचा, गालिचा क्वचितच. त्यातून खोली दहा बाय दहाची आणि उंचीही दहा फूट असेल तर अडचण मोठी. दहा फुटांवर समोरासमोर असलेल्या दोन भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा आवाज घुमत राहतो, आणि लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारखी असली की तिन्हींचा घुमारा त्याच ठिकाणी एकवटतो. गाण्यात त्याच्या आसपास काही आलं की ते प्रमाणाबाहेर फुगतं. फोनच्या माइकने खोली मोजून असे फुगवटे कापण्याची सोय विममध्ये आहे. पूर्वी ती महागड्या यंत्रांतच मिळायची. फुगवटा कापता येतो, खड्डा मात्र भरता येत नाही, आणि स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढण्याचं काम तुमचंच. तरीही या किमतीत मिळणारी मला सगळ्यात पटलेली गोष्ट हीच.

गाणं कुठून येतं तेही बघायला हवं. बालगंधर्वांची तबकडी म्हणजे एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं, तेही त्या काळच्या ध्वनिमुद्रणाच्या मर्यादेत. कुणी तरी ते यूट्यूबवर चढवलेलं असतं. त्यात नसलेला तपशील कोणताही ॲम्प्लिफायर बाहेर काढू शकत नाही. अशा गाण्यांसाठी खर्च वाढवू नका. उलट ॲपल म्युझिकने २०२१ पासून जादा पैसे न घेता सीडीच्या दर्जाचं आणि त्याहून वरचं संगीत द्यायला सुरुवात केली, तेव्हा नव्या मुद्रणांचा कस आता घरबसल्या लागतो. आकाशवाणीची शास्त्रीय संगीताची ‘रागम’ वाहिनी २०१६ पासून चोवीस तास चालू आहे, तीही फोनवरून या ॲम्प्लिफायरपर्यंत येते.

दुकानात ऐकायला गेलात तर दुकानदाराचं झगमगीत गाणं ऐकू नका. स्वतःच्या कानात मुरलेली मैफल न्या आणि तंबोऱ्यापासून सुरुवात करा. आवाज लहान ठेवा, इतका की शेजारी बसलेल्याशी नेहमीच्या स्वरात बोलता यावं. जोडीच्या दोन तारा छेडल्या गेल्या की त्यांच्यात एक बारीक लाट हलत असते, आणि जवारीमुळे एकेका तारेतून वरचे स्वर उमलत राहतात. गाणारा षड्जावर थांबला की ती छेड त्याच्यामागे तार-तार वेगळी ऐकू यायला हवी. सगळ्याचं मिळून एक धुकं झालं तर काही तरी कमी आहे. मग तबला. डग्ग्यावर मनगट सरकतं तेव्हा ‘घे’ खालून वर चढतो. तो चढ कानाला कळला पाहिजे, नुसता धपका नको. दोन यंत्रांची तुलना करताना दोन्हींचा आवाज काटेकोर सारखा ठेवा, कारण किंचित मोठ्याने वाजणारं यंत्र आपल्याला नेहमीच सरस वाटतं. एवढी पथ्यं पाळून ऐकलं तर स्वस्त आणि महाग ॲम्प्लिफायरमधला फरक पुष्कळदा दोन स्पीकरांमधल्या फरकाहून फार लहान निघतो.

फरक अजिबात नसतो असं नाही. स्वस्त क्लास डीमध्ये शेवटच्या गाळणीमुळे वरच्या पट्टीचा आवाज स्पीकरगणिक थोडा बदलतो. लिंकप्लेने २०२४ मध्ये काढलेल्या ‘ॲम्प प्रो’मध्ये ते बरंचसं सुधारलं आहे. पण त्याच महाग मॉडेलमधून आयफोनवरून थेट गाणं पाठवायचं ॲपलचं एअरप्ले गेलं. घरात सगळ्यांचे आयफोन असतील तर वरचं मॉडेल घेऊन तुमची गैरसोयच होईल. किमतीची पायरी चढली की सगळंच वाढतं, हे गृहीत धरू नका.

आता माझा मुख्य मुद्दा. या एका खोक्यात दोन यंत्रं आहेत आणि त्यांची आयुष्यं वेगवेगळी आहेत. विजेच्या जोरावर आवाज मोठा करणारा अर्धा भाग नीट वापरला तर पंधरा-वीस वर्षं चालावा. इंटरनेटवरून गाणं आणणारा अर्धा भाग मात्र कुणाच्या तरी सर्व्हरवर, ॲपवर आणि मर्जीवर जगतो. गूगलने २०१५ मध्ये ३५ डॉलरचं ‘क्रोमकास्ट ऑडिओ’ काढलं, २०१९ मध्ये ते बनवणं थांबवलं, आणि मार्च २०२५ मध्ये एका प्रमाणपत्राची मुदत संपली म्हणून ती चालती-बोलती यंत्रं काही दिवस मुकी झाली. सोनोसने २०२० मध्ये जुन्या उपकरणांना नवी अपडेट देणं थांबवलं. २०२४ मध्ये त्यांचं नवं ॲप आलं ते अलार्म, स्लीप टायमर अशा साध्या सोयी वगळून. ग्राहकांचा संताप इतका टिकला की जानेवारी २०२५ मध्ये कंपनीच्या प्रमुखाला पायउतार व्हावं लागलं. बोसने २०१३ पासून विकलेल्या ‘साउंडटच’ मालिकेची इंटरनेट सेवा बंद करण्याचं २०२५ मध्ये जाहीर केलं. यातल्या एकाही यंत्राचा आवाज बिघडलेला नव्हता.

याच्या उलट उदाहरण ‘स्क्वीझबॉक्स’ या नेटवर्कवरून गाणी वाजवणाऱ्या पेटीचं. लॉजिटेकने २००६ मध्ये ती बनवणारी कंपनी घेतली आणि २०१२ मध्ये ते उत्पादन गुंडाळलं. पण त्याचं सर्व्हर सॉफ्टवेअर मुक्त होतं, ते लोकांनी जिवंत ठेवलं, आणि त्या पेट्या अजून गातात. सॉफ्टवेअर खुलं असेल तर यंत्र कंपनीपेक्षा जास्त जगतं.

म्हणून मी म्हणतो, आधी मागची बाजू बघा. पुढून हे सगळे ॲम्प्लिफायर सारखेच गुळगुळीत दिसतात. मागे साध्या वायरीची, म्हणजे लाइन-इनची जागा आहे का? टीव्हीसाठी एचडीएमआय किंवा ऑप्टिकल? उद्या सबवूफर जोडायचा झाला तर त्याची वाट? इथरनेटची केबल जोडता येते का? विम ॲम्पच्या मागे या जागा आहेत आणि त्याची खरी किंमत मी तिथे मोजतो. इंटरनेटचा अर्धा भाग उद्या निकामी झाला तरी लाइन-इनमध्ये शंभर डॉलरच्या आतबाहेरचा, इंटरनेटवरून गाणं आणणारा एखादा छोटा स्ट्रीमर खोचून पुढची दहा वर्षं काढता येतील. एलपी ऐकणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की तबकडीसाठी लागणारा फोनो प्रीॲम्प यात नाही; तो वेगळा घ्यावा लागतो किंवा टर्नटेबलमध्येच असावा लागतो. ज्या खोक्यात फक्त वायफाय आणि ब्लूटूथ आहे, त्याचा आवाज कितीही गोड असो, मी ते कुणाला सुचवणार नाही.

याच हिशेबाने ज्यांच्या घरी चालू अवस्थेतला जुना ॲम्प्लिफायर आहे त्यांनी नवा घेऊच नये. फक्त छोटा स्ट्रीमर घ्यावा आणि जुन्याच्या ऑक्सला जोडावा. कमी आयुष्याचा भाग तेवढा बदलला, दीर्घायुषी भाग राहिला. जुन्या ॲम्प्लिफायरचा ट्रान्झिस्टर किंवा कपॅसिटर बदलून देणारे हात पुण्याच्या तपकीर गल्लीत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अजून आहेत. नव्या यंत्रातल्या बारीक चिपा तिथे दुरुस्त होतीलच याची खात्री नाही, म्हणून नवं घेताना भारतातली वॉरंटी लेखी असलेलंच घ्या. बाहेरून आणलेलं चार हजारांनी स्वस्त मिळालं तरी सोडून द्या.

आणि ज्यांच्याकडे काहीच नाही, त्यांना माझं उत्तर स्पष्ट आहे: घ्या. तीस हजारांचं यंत्र दहा वर्षं चाललं तर महिन्याला अडीचशे रुपये पडतात आणि घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून ऐकण्यासारखं गाणं त्यात मिळतं. मात्र एकूण रकमेतला मोठा वाटा स्पीकरला द्या.

एक मागणी मात्र आपण ग्राहकांनी लावून धरायला हवी. औषधाच्या पाकिटावर मुदत छापलेली असते, ती आपण वाचून घेतो. इंटरनेटला जोडलेल्या घरगुती वस्तूंना सुरक्षेची अपडेट किमान किती काळ मिळतील हे सांगणं ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून उत्पादकांवर बंधनकारक केलं. पंचवीस-तीस हजार रुपये मोजणाऱ्या आपल्याकडच्या माणसालाही ते कळण्याचा तितकाच हक्क आहे. वॅट किती, बिट किती हे सगळं खोक्यावर ठळक छापलेलं असतं. ‘हे यंत्र अमुक सालापर्यंत आम्ही सांभाळू’ ही ओळही त्याच खोक्यावर हवी. ती नसेल तर विक्रेत्याला विचारा, कंपनीला लिहा, आणि जी कंपनी ते लेखी देईल तिच्याकडूनच घ्या.