हिरडी भरते, पण कशी भरते?

रूट कॅनाल करूनही मुळाच्या टोकाशी जंतुसंसर्ग उरला, की हिरडीला छेद देऊन, हाड थोडे कोरून मुळाचे टोक कापतात आणि मागून बुजवतात. या अ‍ॅपिकोएक्टॉमीचे यश ठरते क्ष-किरण प्रतिमेवरून. हाड भरले, म्हणजे झाले! हिरडीच्या वाट्याला देशातल्या प्रबंधांत बहुधा एकच वाक्य येते: ‘जखम समाधानकारक भरली.’ समाधान कोणाचे, हे लिहिलेले नसते.

हिरडी कशीही कापली तरी भरतेच, छेद ही शल्यचिकित्सकाच्या आवडीची बाब, हा समज टिकणारा नाही. हिरडीतल्या बहुतेक रक्तवाहिन्या दाताच्या लांबीला समांतर धावतात. उभा छेद त्यांच्यामधून वाट काढतो. आडवा, अर्धचंद्राकृती छेद त्यांना एकामागून एक तोडतो. शिवाय तो अनेकदा पोखरलेल्या हाडावरच येतो, म्हणजे टाक्यांखाली आधारही नाही. मग व्रण उठून दिसला, तर नशिबाला दोष कसला?

दाताच्या कडेने, हिरडीच्या खाचेतून घेतलेला छेद व्रण लपवतो. मात्र त्यात दोन दातांमधला हिरडीचा त्रिकोण उचलला जातो आणि पुढे आक्रसतो. पीटर वेल्वार्ट यांनी २००२ मध्ये हा त्रिकोण जागीच ठेवून त्याच्या पायथ्याशी छेद घेण्याची पद्धत मांडली. नंतर त्यांनी व सहकाऱ्यांनी एकाच रुग्णात एका फटीत एक छेद, दुसरीत दुसरा, अशी तुलना केली. खाचेतल्या छेदाने त्रिकोणाची उंची सुमारे एक मिलिमीटर घटली. पायथ्याच्या छेदाने ती जवळजवळ टिकली. समोरच्या दातांत एक मिलिमीटर म्हणजे हसताना दिसणारी काळी फट.

पायथ्याचा छेद सर्वत्र चालत नाही, हे खरे. त्याला भिंग, अतिशय बारीक धागा आणि सराव लागतो; मूळ उभे तडकल्याचा संशय असेल, तर खाचेतलाच छेद योग्य. पण निवड कारणाने व्हावी, सवयीने नव्हे.

पदव्युत्तर अभ्यासक्रम तीन वर्षांचा. त्यात वर्षभराचा पाठपुरावा कठीण, ही सबब अर्धीच खरी आहे. भारतात २००९ पासून वैद्यकीय चाचण्यांची पूर्वनोंदणी बंधनकारक आहे आणि काय मोजणार, हे तिथे आधीच लिहावे लागते. हिरडीची उंची तिथे का नसावी? ती मोजणारी मिलिमीटरच्या खुणांची सळई तर दंत महाविद्यालयाच्या ट्रेमध्ये पडलेलीच असते.