रात्रपाळीची चकली

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात रात्री साडेअकराच्या सुमारास तुम्ही आमच्या इमारतीसमोर येऊन उभे राहिलात, तर सगळीकडे सामसूम दिसेल. गॅलरीतले आकाशकंदील तेवढे वाऱ्यावर डुलत असतील आणि एखाद्या खिडकीतून कर्त्या पुरुषाचे घोरणे ऐकू येईल. पण तसेच वळसा घालून मागच्या बाजूला या. तिथे तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत खिडक्या लख्ख उजळलेल्या! कढईवर झारा आपटल्याचा आवाज, बेसन भाजल्याचा वास, कुठेतरी डब्याचे झाकण पडल्याचा खणखणाट आणि पाठोपाठ "हळू गं, सगळे झोपलेत!" ही स्वतःलाच दिलेली दटावणी. ह्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या. आमच्या इमारतीचे पोट जागे असते आणि डोके झोपलेले असते.

ह्यांतल्याच एका खिडकीत मी तेहेतीस वर्षे उभी होते. आज मला त्या खिडकीतला दिवा मालवायचा आहे. ज्यांना राग यायचा असेल त्यांनी आत्ताच पान उलटावे. पुढे फराळाबद्दल बरेच अशुभ लिहिले आहे.

फराळ रात्रीच का करायचा, असे कोणत्याही बाईला विचारा. ती म्हणेल, "रात्री कसं निवांत असतं. पोरं मध्ये लुडबुडत नाहीत, फोन वाजत नाही, सगळं कसं नीट होतं!" माझे भांडण ह्या 'नीट' शब्दाशी आहे. हा शब्द दिसायला गरीब. पण त्याने जेवढ्या बायका जागवल्या तेवढ्या तान्ह्या मुलांनीही जागवल्या नसतील.

नीट म्हणजे काय? चकलीला काटा हवा, मोडल्यावर आत नळी दिसायला हवी, ती तोंडात टाकल्याबरोबर कुरकुरायला हवी पण तेलकट लागता कामा नये. करंजी तुपात उघडता कामा नये आणि कानाशी धरून हलवली तर तिचा खुळखुळा वाजता कामा नये. रव्याचा लाडू फोडायला बत्ता लागू नये आणि उचलताना त्याचा भुगाही होऊ नये. पोहे आक्रसू नयेत, शेव लाल होऊ नये, चिरोट्याचे पदर मोजता आले पाहिजेत. एवढ्या अटी तर मुलगी दाखवताना नवऱ्याकडच्या मंडळींनीही घातल्या नव्हत्या!

बरे, ह्या परीक्षेचा परीक्षक कोण? कोणालाही ठाऊक नाही. माझ्या लहानपणी आमच्या गावातला बेकरीवाला पावाची भट्टी आटोपली, की रात्री नऊनंतर घरगुती नानकटाई भाजून द्यायचा. बायका तूप-साखर फेसून, मैदा मळून स्टीलचे डबे घेऊन रांगेत बसायच्या. हातात नंबराची चिठ्ठी, कडेवर पेंगणारे पोर. एका वर्षी आमचा पत्रा भट्टीत जरा जास्त राहिला आणि नानकटाई खालून काळपट झाली. वरून अगदी बदामी, सुरेख. पण आईने घरी येऊन एक उलटी करून पाहिली आणि तिचा चेहरा पडला. दुसऱ्या रात्री पुन्हा तूप, पुन्हा साखर, पुन्हा रांग. मी म्हटले, "आई, खालून कोण बघणार?" आई म्हणाली, "तुला नाही कळायचं. लोक उलटं करून बघतात."

वाचकहो, त्या दिवसापासून आजतागायत मी पाहुण्यांवर लक्ष ठेवून आहे. पन्नास वर्षे होऊन गेली. एकाही पाहुण्याने नानकटाई उलटी करून पाहिलेली नाही. पाहुणा ती उचलतो, "अरे वा, घरची का?" म्हणतो, तोंडात टाकतो आणि जागेच्या भावाबद्दल बोलू लागतो.

ह्यावर मुरलेल्या सुगरणी म्हणतील, की कोणी बघो न बघो, पदार्थ चांगलाच व्हायला हवा. मान्य! पण मग तो रात्री करू नका, असे माझे म्हणणे आहे. कारण नीट व्हावे म्हणून आपण जागतो आणि जागल्यामुळेच ते बिघडते. दिवसभर कचेरी, संध्याकाळी पोळ्या, नंतर ओटा आवरून साडेनवाला चकलीची उकड हातात घ्यायची. साडेअकराला अजून अर्धा गोळा शिल्लक दिसला, की हात आपोआप गॅसची कळ मोठी करतो. चकली बाहेरून झटकन लाल होते, आत ओल राहते आणि दुसऱ्या दिवशी ती मऊ पडते. मग आपण भाजणीला दोष देतो, मोहनाला दोष देतो, शेजारणीची दृष्ट लागली म्हणतो. दोष झोपेचा असतो. मोहन जास्त झाले तर चकली तेलात विरघळते, कमी झाले तर दगड होते. हा हिशेब दुपारी तीन वाजता डोक्यात बसतो. मध्यरात्री आपण मोहन घातले की नाही हेच आठवत नाही.

अनारशाचे तर काय सांगावे! तीन दिवस तांदूळ भिजवा, रोज पाणी बदला, उपसून सावलीत कोरडे करा, कुटा, चाळा, गूळ मिसळा, मग ते पीठ डब्यात मुरू द्या. आठवडाभराच्या ह्या तपश्चर्येनंतर एका रात्री पाऊण वाजता मी पहिला अनारसा तुपात सोडला आणि तो हसला. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, की अनारसा तुपात फुटून त्याचा चुरा झाला, की त्याला 'अनारसा हसला' असे म्हणतात. ही म्हण ज्याने काढली तो नक्कीच तळत नसणार, तो कडेला बसून बघत असणार. दुसरा हसला, तिसरा हसला. पेंगत पेंगत पीठ मळताना मी दूध जास्त घातले होते. थोडी तांदळाची पिठी घातली असती तर सावरले असते. पण त्या घटकेला मला पिठी सुचली नाही, रडू सुचले. एवढ्यात आमचे हे पाणी प्यायला उठून आले.

"काय झालं?"

"अनारसे हसले."

"मग तू का रडतेस?"

एवढे विचारून ते पाणी प्यायले, पेला तिथेच ओट्यावर ठेवला आणि झोपायला गेले. तेव्हा मला त्यांचा संताप आला होता. पुढे कितीतरी वर्षांनी माझ्या लक्षात आले, की त्यांनी प्रश्न अगदी बरोबर विचारला होता. फक्त उत्तरासाठी थांबायला हवे होते. आणि पेला विसळायला हवा होता.

आता जरा कायद्याचे बोलू. आपल्या देशात १९४८ साली कारखान्यांचा कायदा झाला. त्यात बायकांना सकाळी सहा ते संध्याकाळी सात ह्याच वेळात कारखान्यात कामाला लावता येईल, असे कलम होते. सलग पाच तास काम झाले की निदान अर्धा तास विश्रांती. जादा वेळ काम केले तर दुप्पट दराने मजुरी. पुढे २०२० साली संसदेने जी नवी संहिता मंजूर केली, तिने बायकांना रात्रपाळीची मुभा दिली. पण तीसुद्धा त्या बाईची संमती असेल आणि तिच्या सुरक्षिततेची व्यवस्था असेल तरच! हे वाचल्यावर मी आमच्या स्वयंपाकघराकडे पाहिले. उकळते तेल आहे, धूर आहे, यंत्र म्हणून सोऱ्या आहे, उत्पादन पाच किलोंचे आहे. कारखाना होण्यात फक्त भोंग्याची आणि पगाराची कमतरता! आणि संमतीचे म्हणाल, तर ती आमच्या आयांनीच आमच्या वतीने देऊन ठेवलेली.

२०२४ साली सरकारने लोकांच्या वेळेची पाहणी केली. त्यात असे निघाले, की घरकाम करणारी बाई त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देते आणि घरकामाला हात लावणारा पुरुष ८८ मिनिटे. हे झाले साधे दिवस. दिवाळीच्या आठवड्यात आमच्याकडची ८८ मिनिटे कशी खर्च होत असत ते मला पाठ आहे. त्यातली चाळीस आकाशकंदिलाची वायर शोधण्यात जात आणि उरलेली "मीठ बघू जरा" म्हणत चिवडा खाण्यात.

ह्यावर एक प्रश्न हमखास येतो. "पण तुला करायला सांगितलंय कोणी?" अगदी खरे आहे. सांगितले कोणीच नाही. पण विचारतात सगळे. "यंदा अनारसे नाही केलेत?" "चकली जरा मऊ झालीय का हो?" "हे लाडू बाहेरचे ना?" सांगणारा एकही नसावा आणि विचारणारे पंचवीस असावेत, ह्यालाच आपल्याकडे परंपरा म्हणतात.

दुसरा आक्षेप येतो तो मायेचा. घरचे ते घरचे, त्याला हाताची चव असते. असते, मी नाकारत नाही. आणि करण्यात आनंदही असतो. नवी कोरी करंजी तुपात टुम्म फुगून वर येते तेव्हा मलाही टाळी वाजवावीशी वाटते. पण तो आनंद पहिल्या वीस करंज्यांपर्यंतच टिकतो. एकविसावीपासून कंबर बोलू लागते. पुस्तकांना बोल लावू नका. कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली 'रुचिरा'त वाटी-चमच्याची मापे देऊन आमच्या पिढीचे केवढे ओझे हलके केले! त्यांनी घटकांची मापे दिली. किती वाजता गॅस बंद करायचा, ते माप आपले आपण काढायला हवे होते.

"मग विकत आणा!" हा तिसरा सल्ला. मीही एक वर्ष तो मानला. आमच्याच गल्लीत फराळ करून देणाऱ्या एका बाईंकडे वसुबारसेच्या आदल्या दिवशी जाऊन ऐटीत तीन किलोंची मागणी नोंदवली. त्या वहीतून वर बघत म्हणाल्या, "देते हो, पण रात्रीच करावं लागेल. दोन रात्री झोपले नाहीये." मी घरी आले ती मान खाली घालून. माझी रात्रपाळी मी पैसे टाकून दुसरीच्या गळ्यात बांधली होती. तेव्हा विकत घ्याच, खुशाल घ्या. पण दसऱ्याला सांगा. आणि ऐनवेळी "दोन किलो वाढवा" म्हणून फोन करू नका.

आई गेल्यावर एकदा जुने अल्बम काढून बसले होते. दिवाळीचे फोटो बरेच आहेत. नव्या कपड्यांतले आम्ही, फुलबाज्या, किल्ला. आई फार थोड्या फोटोंत आहे आणि जिथे आहे तिथे तिचे डोळे मिटलेले आहेत. आम्ही लहानपणी हसायचो, "आईला फोटो काढून घेता येत नाही." आता हिशेब केला. रात्री एकला कढई उतरवायची आणि नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाचे पाणी तापवायला साडेतीनला उठायचे. फोटो काढला तेव्हा तिला झोप लागत होती. भाऊबीजेला मामाला ओवाळताना एकदा ताम्हण हातात धरूनच तिला डुलकी लागली होती. मामाने हलकेच ते ताम्हण तिच्या हातातून काढून घेतले आणि बोटाने आम्हाला 'गप्प' अशी खूण केली. तिची चकली कशी व्हायची, असे मला कोणी विचारले तर खरे सांगते, आठवत नाही. चांगलीच होत असणार. मला ते ताम्हण आठवते.

म्हणून आमच्या घरी आता वटहुकूम निघाला आहे. पदार्थ तीनच. तळण रविवारी सकाळी, उजेडात. सोऱ्या फिरवायचा तो चकल्या जास्त खाणाऱ्याने, म्हणजे ह्यांनी. रात्री दहाला गॅस बंद, गोळा उरला तर फ्रीजमध्ये. गेल्या दिवाळीत ह्यांनी पाडलेल्या चकल्या पाहून नात म्हणाली, "आजोबा, ही चकली आहे की प्रश्नचिन्ह?" पण पाडव्याच्या संध्याकाळी डबा रिकामा होता. करंज्यांपैकी चार तुपात उघडल्या. त्या आम्ही तिथेच उभ्याउभ्या खाल्ल्या आणि कोणाचेही काही वाईट झाले नाही.

आता एक कबुली देते आणि थांबते. धनत्रयोदशीच्या रात्री साडेअकराला मला जाग आली. उठून स्वयंपाकघरात गेले. समोरच्या इमारतीत दोन खिडक्या अजून जाग्या होत्या. चिवड्याचा डबा उघडला, चिमूटभर तोंडात टाकला. मीठ कमी होते. चांगलेच कमी होते. हात बरणीकडे गेला. मग बरणी होती तिथेच ठेवली, डब्याचे झाकण लावले आणि दिवा मालवला.

मीठ सकाळीही घालता येते.