काळा दगड, पांढरे शिखर

औंढ्याला दर्शनाच्या रांगेत उभे राहिले की तास-दीड तास हाताशी रिकामा असतो. मागे एकदा श्रावणात माझ्या पुढे एक सात-आठ वर्षांचा मुलगा होता. मान वर करून बराच वेळ बघत होता. मध्येच त्याने विचारले, "बाबा, देऊळ खाली काळं अन् वर पांढरं का हो?" वडील म्हणाले, "वरचं औरंगजेबानं पाडलं, बाळा." मुलगा लगेच म्हणाला, "मग हे पांढरं कोणी बांधलं?" तेवढ्यात रांग पुढे सरकली आणि प्रश्न तिथेच राहिला. मागून एक गृहस्थ म्हणाले, की आता हे चुन्याचे काम उतरवून सगळे पहिल्यासारखे दगडात करून टाकले पाहिजे. दोघा-चौघांनी माना डोलावल्या. मी गप्प राहिले. देवाच्या रांगेत वाद घालू नये. पण तेव्हा जे बोलले नाही, ते आज लिहिते.

हिंगोलीहून पंचवीसेक किलोमीटरवरचे हे नागनाथाचे देऊळ यादवकाळातले, साधारण तेराव्या शतकातले. आपण त्याला हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा करणाधिप. मोडी लिपी, बाजरी आणि चुन्याशिवायची देवळे हे सगळे लोकांनी त्याच्या खात्यावर जमा केले. वास्तविक अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ मधले, म्हणजे इ. स. १०६० चे, हेमाद्रीच्या दोनशे वर्षे आधीचे. असो. नाव चुकीचे असले तरी पद्धत खरी आहे. घडीव दगडाला खाच ठेवायची, वरच्या दगडाला तसाच उंचवटा, आणि एकाच्या वजनाने दुसरा जागच्या जागी धरून ठेवायचा. मधे चुन्याचे बोटही नाही.

औंढ्याची भिंत सरळ जातच नाही. कोनाकोनांनी आत वळते, बाहेर येते, पुन्हा आत वळते. त्यामुळे उन्हाबरोबर तिच्यावरच्या सावल्या सरकत राहतात आणि सकाळी दिसलेली मूर्ती दुपारी वेगळी वाटते. खाली हत्तींची रांग आहे. वर देव-देवता, सुरसुंदरी, नाचणारा शिव, अर्धनारीश्वर. रुसलेली पार्वती आहे आणि तिची समजूत काढणारे शंकरही आहेत. ज्या कुणा पाथरवटाने ते घडवले, त्याच्या घरी रुसवे-फुगवे नक्की होत असणार. इतका कठीण काळा दगड आणि त्यातून असा लाडिक प्रसंग! पण आपली गर्दी असते ती तळघरातल्या पिंडीकडे. अरुंद पायऱ्यांवरून अंग चोरत खाली उतरायचे, वाकून डोके टेकायचे, घामाघूम होऊन वर यायचे आणि नारळ-प्रसाद घेऊन गाडीत बसायचे. भिंतीभोवती फिरणारे थोडे, आणि फिरणाऱ्यांतही मान वर करणारे त्याहून थोडे.

आता त्या पांढऱ्या भागाबद्दल. दगडी भिंती जिथे संपतात, तिथून वर विटांचे आणि चुन्याचे काम सुरू होते. त्याचे वळण मराठेशाहीतल्या देवळांचे. मूळ शिखर औरंगजेबाच्या स्वारीत पडले, ही परंपरेने चालत आलेली समजूत. त्याच्या सैन्यावर भुंगे तुटून पडले आणि खालचे देऊळ वाचले, अशी पुढची गोष्टही गावात ऐकायला मिळते. जीर्णोद्धाराचे श्रेय अहिल्याबाई होळकरांना दिले जाते. त्यांची कारकीर्द १७६७ ते १७९५. तेव्हा हा मुलूख निजामाचा. काशी, सोमनाथ, वेरूळ अशा आपल्या राज्याबाहेरच्या ठिकाणी त्यांनी केलेली कामे पाहिली, तर औंढ्याच्या लोकांची ही स्मृती त्यांच्या स्वभावाला धरूनच आहे.

दुखावलेल्या भिंतीवर पुन्हा दगडाचा डोंगर चढवण्यापेक्षा विटांचे हलके शिखर उचलावे, हा विचार मला शहाणपणाचा वाटतो. आणि मुख्य म्हणजे त्या बांधणाऱ्यांनी लपवाछपवी केली नाही. आम्ही यादवांचे कारागीर आहोत असा आव आणला नाही. आपल्या काळाला जे येत होते, परवडत होते, ते केले आणि पूजा सुरू ठेवली. ते उतरवून नवे "जुने" शिखर उभारले, तर देऊळ कसे पडले हेही पुसले जाईल आणि कसे सावरले हेही. शिवाय मूळ शिखर नेमके कसे होते, हे आज कोण सांगणार? यंत्रावर कापलेल्या दगडाचे आपल्या कल्पनेतले शिखर, एवढेच हाती येईल.

पॅरिसच्या नोत्रदाम चर्चमध्येही हाच प्रश्न उभा राहिला होता. चर्च मुख्यतः बाराव्या-तेराव्या शतकांतले. त्याचा मूळ मनोरा अठराव्या शतकाच्या अखेरीस उतरवला गेला आणि १८५९ मध्ये नवा बसवला गेला. १५ एप्रिल २०१९ च्या आगीत तो कोसळला. काहींनी अगदी आधुनिक मनोरा सुचवला, पुष्कळ खल झाला. शेवटी १८५९ चाच मनोरा जसाच्या तसा उभारून २०२४ च्या डिसेंबरात चर्च उघडले. नंतरची भर हीही त्या वास्तूचीच झाली, असे त्यांनी मानले.

याचा अर्थ देवळाला हात लावू नये असा नाही. चुन्याला डागडुजी लागते. फटीत पिंपळ रुजला तर तो वेळीच काढावा लागतो. पण चुन्याची दुरुस्ती चुन्यानेच व्हावी. सिमेंटने ओल आत कोंडते आणि शेजारचा दगड झिजतो. कितीतरी गावांत भक्तीपोटी जुन्या मूर्तींवर ऑइलपेंटचे थर चढले आहेत, कोरीव खांबांना चकचकीत फरशा लागल्या आहेत. देणगीदाराचे नाव त्या फरशीवर ठळक असते, हा भाग वेगळा.

औंढ्याचे देऊळ तर बदलाला सरावलेले आहे. नामदेवांना पुढे कीर्तन करू दिले नाही, ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही गोष्ट इथलीच सांगतात. नंदी पिंडीसमोर का नाही, याचे उत्तर म्हणूनही तीच सांगतात. नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहेबात आहेत आणि देऊळ फिरल्याचा उल्लेख त्यांतही येतो. नामदेवांचे नरसी गावही याच जिल्ह्यात. खरे ज्योतिर्लिंग औंढ्याचे, द्वारकेजवळचे की अल्मोड्याकडच्या जागेश्वरचे, यावर आपण हिरिरीने भांडतो. औंढ्याच्या आवारात मात्र बाराही ज्योतिर्लिंगांची लहान देवळे शेजारी-शेजारी उभी आहेत.

माझी मागणी लहानशी आहे. काळे काम संपून पांढरे सुरू होते, ती रेघ दिसेल अशा ठिकाणी एक साधा मराठी फलक लावावा. खालचे कोणी केले, वरचे कोणी केले, मधे काय झाले, चार ओळींत. रांगेतल्या माणसाला वाचायला वेळ भरपूर असतो. त्या दिवशी दर्शन करून बाहेर आले, तेव्हा तो मुलगा भिंतीशी उकिडवा बसून हत्ती मोजत होता आणि आई त्याला गाडीकडे हाका मारत होती.