विश्लेषण : व्यसनी माणसाला केंद्रात ‘उचलून’ नेता येतं का? कायदा काय सांगतो?

ठाणे, भिवंडी, कल्याण, डोंबिवलीत एमडी, गांजा किंवा कफ सिरपचा साठा पकडल्याच्या बातम्या आता नवीन राहिलेल्या नाहीत. बातमी अटकेपाशी संपते. पण ज्या घरात दारू किंवा ड्रग्ज शिरले आहेत, त्या घराचा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो. उपचार कुठे करायचे? आणि तो तयारच नसेल तर? मग ‘गाडी पाठवतो, माणसं येऊन घेऊन जातील’ असं सांगणारे केंद्रवाले भेटतात. थकलेल्या घरच्यांना तो मोठा आधार वाटतो. पण हे कायद्यात बसतं का आणि अशाने व्यसन सुटतं का?

व्यसनाचा मानसिक आरोग्य कायद्याशी काय संबंध?

थेट संबंध आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही येतात. त्यामुळे असे रुग्ण ठेवून घेणाऱ्या केंद्राला या कायद्याखाली नोंदणी करावी लागते. नोंदणीशिवाय केंद्र चालवल्यास पहिल्या वेळी ५ हजार ते ५० हजार रुपये दंड आहे. तिसऱ्या वेळेपासून तो २ ते ५ लाखांपर्यंत जातो.

मर्जीविरुद्ध दाखल करता येतं का?

येतं, पण फक्त ठरावीक परिस्थितीत. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचा धोका असेल, किंवा स्वतःची काळजी घेण्याच्या पलीकडे गेला असेल, तर कलम ८९ नुसार दाखल करता येतं. त्यासाठी एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरे मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर यांनी त्याला स्वतंत्रपणे तपासलेलं असावं लागतं. ही तपासणी दाखल करण्याच्या दिवशी किंवा त्याआधीच्या ७ दिवसांत झालेली हवी. मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची. केंद्राने ही माहिती मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला ७ दिवसांत कळवायची असते. स्त्री किंवा अल्पवयीन रुग्ण असेल तर ३ दिवसांत. ३० दिवसांनंतरही ठेवायचं असेल तर वेगळी आणि अधिक कडक प्रक्रिया आहे.

थोडक्यात, डॉक्टरने न तपासता चार माणसांनी गाडीत घालून नेणं या चौकटीत बसत नाही. बायकोची किंवा आईची सही असली तरीही.

केंद्राला काय करता येत नाही?

साखळीने बांधता येत नाही. एकांतात कोंडता येत नाही. सक्तीने मुंडण करता येत नाही. झाडलोट किंवा स्वयंपाकाची सक्ती करता येत नाही आणि काम करून घेतलं तर योग्य मोबदला द्यावा लागतो. तातडीची इजा टाळायला दुसरा उपाय नसेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, हालचालींवर शारीरिक बंधन घालता येतं. शिक्षा म्हणून कधीच नाही. भेटायला आलेल्यांना भेटणं आणि फोनवर बोलणं हाही रुग्णाचा हक्क आहे.

सोशल मीडिया वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. उपचार घेणाऱ्या रुग्णाचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. डिजिटल माहितीलाही हेच लागू आहे. नशेत बरळणाऱ्या पेशंटचं रील एखाद्या केंद्राने ‘जनजागृती’ म्हणून टाकलं, तर शेअर करण्याआधी विचार करा. उद्या तोच माणूस नोकरी मागायला जाणार आहे.

पण धाक दाखवल्याशिवाय सुटेल का?

आधी जिवाचा प्रश्न. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो आणि उपचार न मिळाल्यास मृत्यूही ओढवू शकतो. ब्राउन शुगरसारख्या पदार्थापासून काही आठवडे दूर राहिलेल्याची सहनशक्ती घटते. बाहेर पडून त्याने जुनाच डोस घेतला तर तो जिवावर बेतू शकतो. कोंडणाऱ्याकडे यावर उत्तर नसतं.

दुसरा प्रश्न विश्वासाचा. उपचार म्हणजे फक्त दाखल असण्याचे दिवस नव्हेत. नंतरचा पाठपुरावा जास्त लांबचा असतो. पुन्हा प्यायला लागल्यावर मार मिळेल, अशी भीती असलेला माणूस ते लपवतो. ज्याला समुपदेशकावर विश्वास आहे, तो फोन करतो.

महाराष्ट्राने हे काम करून पाहिलेलं आहे. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने, ‘मुक्तांगण’ सुरू केलं. तिथे पेशंटला ‘रुग्णमित्र’ म्हणतात आणि बरे झालेले अनेक जण तिथेच कार्यकर्ते झाले. त्या कामाशी दीर्घकाळ जोडलेले डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात ‘आयपीएच’ ही मानसिक आरोग्य संस्था उभी केली.

मग लोक चुकीच्या ठिकाणी का जातात?

कारण उपचार अपुरे आहेत. एम्सच्या २०१९च्या राष्ट्रीय पाहणीनुसार, दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही ना काही उपचार मिळतात. दाखल होऊन उपचार १८० पैकी एकालाच. त्यात बदनामीची आणि पोलिसांची भीती. खरं तर अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४अ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेल्या व्यसनी व्यक्तीने सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी स्वतःहून उपचार घेतले, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं.

केंद्र निवडताना काय विचाराल?

• नोंदणी प्रमाणपत्र दाखवता का?
• मनोविकारतज्ज्ञ कोण आणि ते कधी येतात?
• पहिल्या आठवड्यात रात्री तब्येत बिघडली तर कुठे नेता?
• आम्ही कधी भेटू शकतो? पेशंटशी एकट्याने बोलता येईल का?
• सुट्टी मिळाल्यावर पाठपुरावा कसा करता?

पहिलाच प्रश्न टाळणाऱ्या केंद्राचा नाद सोडलेला बरा.

आज काय करता येईल?

तो तयार नसेल तर निदान घरच्यांनी समुपदेशकाला भेटावं. सुरुवात अनेकदा तिथूनच होते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ या राष्ट्रीय हेल्पलाइन आहेत. ठाण्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. केंद्रात हक्क डावलले गेले, तर रुग्ण किंवा त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज करू शकतो. त्याला शुल्क नाही. मर्जीविरुद्ध ३० दिवसांपर्यंत दाखल केल्याला आव्हान दिलं असेल, तर मंडळाने ७ दिवसांत निर्णय द्यायचा असतो.