साथ, जागा आणि दहा सेकंदांचा तुकडा

संगीताच्या वर्तुळात काही विधाने अशी असतात, की ती उच्चारली गेली की समोरच्याने मान डोलवायचीच असते. 'साथ शिकवून येत नाही, ती मैफलीत बसूनच येते' हे त्यांपैकी एक. 'हल्ली रेकॉर्डिंगचे तुकडे ऐकून पेटी वाजवणारे फार झाले' हा शेरा म्हणजे त्याच विधानाचा धाकटा भाऊ. पुण्या-मुंबईत ही दोन्ही वाक्ये निरुपद्रवी वाटतात. मेहकर, चिखली किंवा देऊळगाव राजा येथे ती ऐकली की त्यांतला अन्याय दिसू लागतो. जिथे वर्षाकाठी एखादी ख्यालाची मैफल होणेही दुर्मीळ, तिथल्या मुलाने बसायचे कोणत्या मैफलीत?

बुलढाणा जिल्ह्याला पेटीचे वावडे आहे असे कोणी समजू नये. गावोगावच्या देवळात, हरिनाम सप्ताहात, भजनी मंडळात पेटी असतेच. भाता कितीही फाटलेला असो, तिच्याशिवाय भजन उभे राहत नाही. भजनातला पेटीवाला चढ्या पट्टीत तासन् तास टिकतो, चाल तोंडातून निघताच उचलतो, आणि त्याला हे कोणी पुस्तकातून शिकवलेले नसते. परंतु भजनाची साथ समूहाला धरून असते. टाळ-पखवाजाच्या त्या लोंढ्यात पेटीने स्वर सतत भरत राहणे हेच तिचे कर्तव्य. याच मुलाला उद्या एखाद्या ख्याल गाणाऱ्याच्या किंवा भावगीत गाणाऱ्याच्या शेजारी बसवले, तर तो तिथेही भरतच राहतो, आणि मग त्याला 'भजनी पेटी' म्हणून हिणवले जाते. हिणवणारे त्याला दुसरी पेटी ऐकवतात का? नाही. त्याने ती ध्वनिमुद्रणातून ऐकून मिळवली, तर मात्र त्यांना ते चोरीसारखे वाटते.

या जिल्ह्याने तरी ध्वनिमुद्रणाला नाक मुरडू नये, असे एक खास कारण आहे. मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता महाराष्ट्राच्या घराघरांत गेली ती जी. एन. जोशी यांनी गायलेल्या तबकडीमुळे. मराठी भावगीताच्या इतिहासाचा आरंभच पुष्कळ जण त्या तबकडीपाशी मानतात. 'शीळ' नावाचा संग्रह निघाला १९५४ साली. म्हणजे पुस्तकाच्या कितीतरी आधी ती कविता लोकांच्या कानात होती, आणि तीही ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर मावणाऱ्या जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांत. त्या मिनिटांना कोणी 'तुकडा' म्हणून हिणवले नाही. मग आज एखाद्या विद्यार्थ्याने अशाच मुद्रणातले दहा सेकंद घेऊन ते शंभर वेळा ऐकले तर ती सवंगता कशी?

आक्षेप घेणाऱ्यांचे स्मरण थोडे निवडक आहे. अब्दुल करीम खाँ यांची तबकडी ऐकून लहानगे भीमसेन घर सोडून निघाले, ही कथा मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. बालवयातले कुमार गंधर्व मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब म्हणून दाखवीत, हेही सांगितले जाते. आणि पुढे प्रो. बी. आर. देवधरांकडे आल्यावर त्यांचे गाणे स्वतःचे झाले, हेही. गायकाच्या बाबतीत तबकडी ही दिव्य घटना. पेटीवाल्याच्या बाबतीत तीच तबकडी म्हणजे आळशी माणसाची पळवाट! या भेदामागे एक जुना समज दडलेला आहे: साथीला स्वतःची अशी काही भाषाच नाही, ती केवळ सान्निध्याने अंगाला लागते. ज्याला भाषा नाही त्याचा अभ्यास तरी कसा करणार? मला हा समज मुळातच खोटा वाटतो.

साथीची भाषा काय असते हे पाहायचे, तर कुमार गंधर्वांच्या मागे गोविंदराव पटवर्धनांची पेटी असलेले एखादे मुद्रण घ्यावे आणि त्यातली एकच ओळ, मुखडा धरून समेपर्यंतची, अलग करावी. पहिल्यांदा फक्त गाणे ऐकावे आणि ते स्वतःच्या गळ्यातून काढावे. गळा बरा नसला तरी चालेल, पण हे टाळून पुढे जाता येत नाही. मग फक्त पेटी ऐकावी. आता प्रश्न पडू लागतात. पेटी गाण्याच्या बरोबर निघते की किंचित मागून? मागून असेल तर किती? गायकाने पाच स्वरांची हरकत घेतली, पेटीने त्यांतले किती घेतले, आणि कोणते सोडले? गायक श्वास घेतो तेव्हा पेटी त्याचा शेवटचा स्वर धरून ठेवते, की ओळीचा शेपटाकडचा भाग हलकेच पुन्हा म्हणते, की काहीच करीत नाही? सम आल्यावर भाता सैल होतो की नाही? हे सारे दहा सेकंदांत घडलेले असते. मैफलीत बसणाऱ्याच्या कानावरून ते एकदा जाते आणि संपते. मुद्रणासमोर बसणाऱ्याला ते थांबवता येते. पूर्वी तबकडीचा वेग निम्मा केला की स्वर सप्तकभर खाली उतरत असे, म्हणून त्या वाटेने जाणाऱ्यांना मनातल्या मनात पट्टी बदलावी लागे; आज हातातला फोन स्वर न बदलता चाल संथ करतो. हे साधन नाकारून कोणाचे काय भले होणार आहे, हे मला कळत नाही.

यात पेटीची अशी एक खास अडचण आहे, तीमुळे हा अभ्यास अधिकच मोलाचा ठरतो. पेटीला मींड नाही. तिच्या पट्ट्या ठरलेल्या, स्वर ठरलेले. दोन स्वरांमधली वाट तिला चालता येत नाही. दरबारीतला आंदोलित गंधार गायक झुलवतो, पेटीला तो झुलवता येत नाही. मग साथीदार काय करतो? काही जण पट्टी पुन्हा पुन्हा दाबून त्या गंधाराची नक्कल करू पाहतात आणि राग बिघडवतात. जाणता साथीदार तिथून बोट काढून घेतो, खालच्या स्वरावर थांबतो, गायकाला गंधार एकट्याने झुलवू देतो. भाषांतर केलेल्या कोणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल. जे आपल्या भाषेत येऊच शकत नाही त्याच्यापुढे थांबायचे कुठे, हा निर्णय व्याकरणात सापडत नाही. दुसऱ्याने तो घेतलेला पाहूनच कळतो.

मराठीत 'जागा' हा शब्द मोठा मार्मिक आहे. 'काय जागा घेतली!' असे म्हणतो तेव्हा आपल्याला गाण्यातला एखादा सुंदर, अनपेक्षित स्वरसमूह अभिप्रेत असतो. पण जागा म्हणजे मोकळे अवकाशही. साथीदाराला दोन्ही जागा कळाव्या लागतात, आणि दुसरी अधिक.

अमेरिकेतल्या जॅझ पियानोवादकांनी हे फार पूर्वी ओळखले. एकल वादकाच्या मागे पियानोवर तुटक, नेमके स्वरसंघात टाकत जाण्याला ते 'कॉम्पिंग' म्हणतात. आपल्या पेटीपेक्षा हे काम वेगळे आहे: पेटी चालीच्या सावलीसारखी चालते, तर तिथला पियानो चाल सोडून तिच्या खालची जमीन आणि लय दाखवतो. पण शिकण्याची वाट तीच. काउंट बेसी किंवा विन्टन केली यांच्या मुद्रणातली चार मात्रांची, आठ मात्रांची ओळ घ्यायची, स्वरसंघात नेमका कोणत्या मात्रेच्या आधी वा नंतर पडला ते पाहायचे, आणि तो का पडला याचे उत्तर एकल वादकाच्या ओळीत शोधायचे. २४ डिसेंबर १९५४ च्या एका मुद्रणसत्रात माइल्स डेव्हिसने थेलोनिअस मंकला आपल्या वादनामागे पियानो वाजवूच नये असे सांगितले होते. त्या मुद्रणातले पियानोविना गेलेले अवकाशही विद्यार्थी ऐकतात. मुंबईतल्या हॉटेलांच्या वाद्यवृंदांत वाजवणाऱ्या गोव्याच्या वादकांनीही जॅझ पुष्कळसे तबकड्यांवरूनच उचलले. तिथे तबकडीवरून शिकणे ही लाजेची गोष्ट नव्हती. रीतच ती होती.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींकडे वळतो, कारण माझे भांडण केवळ सनातन्यांशी नाही. सध्या पेटीच्या 'जागा' शिकवणाऱ्या चित्रफितींचा सुकाळ आहे. त्यांत बोटे दिसतात, खाली सारेगम उमटते, वादक तीच जागा तीन वेळा वाजवून दाखवतो. गायक कुठेच नसतो. 'साथीसाठी पन्नास जागा' अशा थाटाचा हा माल पाठ केलेला मुलगा कुठल्याही गाण्यामागे, कुठल्याही क्षणी, त्यांतली एक जागा टाकतो; आणि गाणारा बिचारा ओळ संपवायची वाट पाहत राहतो. यातून सनातन्यांना आयताच पुरावा मिळतो: 'पाहा, तुकड्यांवरून शिकलेला!' प्रत्यक्षात हा मुलगा तुकड्यावरून शिकलेलाच नाही. तुकड्यातला अर्धा, आणि तोही महत्त्वाचा, भाग कापून उरलेल्यावरून शिकलेला आहे. ज्या ओळीला ते उत्तर होते ती ओळच गायब.

साहित्याच्या वर्गात हे आपण रोज करतो, हे येथील वाचकांना सांगायला नको. कवितेचे रसग्रहण गाइडमध्ये छापलेले मिळते. विद्यार्थी ते पाठ करतो, 'कवीने येथे प्रतिमांचा समर्पक वापर केला आहे' हे वाक्य कोणत्याही कवितेला चिकटवतो आणि गुण मिळवतो. पन्नास जागांचीच ही दुसरी आवृत्ती. यावरचा इलाज 'कविता जगल्याशिवाय कळत नाही' असे सांगून विद्यार्थ्याला परत पाठवणे हा नव्हे. दोन ओळी समोर ठेवून तासभर त्यांच्याशी झटणे हा आहे. आणि ही रीत काही परदेशी नाही. एक अभंग घेऊन दोन तास त्याच्याभोवती उभा राहणारा कीर्तनकार याच जिल्ह्यात, सप्ताहाच्या मांडवात, दरसाल दिसतो. त्याला कोणी 'तुकडेबाज' म्हणत नाही. तो चरण पुन्हा पुन्हा म्हणतो, एकेक शब्द उलगडतो, सोडतो, परत पकडतो. आणि त्याच्याच शेजारी पेटीवाला बसलेला असतो, ज्याला आपण सांगत असतो की अशा अभ्यासाचा तुझ्याशी संबंध नाही!

'मैफलीतच येते' म्हणणाऱ्यांना एका गोष्टीची आठवण द्यावीशी वाटते. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. ती उठायला लागली १९७१ मध्ये. मधली तीन दशके ज्या गावांची मैफल म्हणजे रेडिओच होता, त्यांना शास्त्रीय गाण्यामागची पेटी त्या वाटेने ऐकूच आली नाही. शहरातल्या श्रोत्याला ती सभागृहात ऐकायला मिळत होती; मेहकरच्या श्रोत्याला तबकडी मिळाली तर मिळाली. ही तूट त्या गावांच्या आळसाने पडलेली नव्हती. आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर, गोविंदराव पटवर्धन यांच्या साथीची कितीतरी मुद्रणे आज घरबसल्या मिळतात, हे पाहता ही तूट भरून काढण्याची संधी पहिल्यांदाच जिल्ह्याच्या ठिकाणच्या मुलाला मिळते आहे. नेमक्या याच वेळी त्याला 'रेकॉर्डिंगवर शिकू नकोस' असे बजावणे म्हणजे दार उघडताच ते पुन्हा लावून घेणे होय.

मुद्रणावरून घेतलेली साथ जिवंत गळ्यासमोर तपासून पाहावी लागते, यात वाद नाही. त्यासाठी पुण्याला जायची गरज नाही. शेजारच्या आळीत गाणारी एखादी मुलगी पुरते. दहा सेकंदांचा तुकडा शंभर वेळा ऐकलेला मुलगा तिच्यासमोर बसला आणि तिने तीच ओळ थोडी वेगळी, थोडी लांबवून गायली, की त्याचे पाठांतर कोलमडते. त्याने तो तुकडा गाण्यासह ऐकलेला असेल, तर तो थांबतो, तिचा श्वास ऐकतो आणि भाता किंचित सैल सोडतो. नुसतीच बोटे पाहिलेला वाजवत सुटतो. परीक्षांच्या अभ्यासक्रमांत पेटी येते ती मुख्यतः स्वतंत्र वादनाची: राग, आलाप, ताना, द्रुत गत. या क्षणाला तिथे रकाना नाही. विशारद झालेला वादकही म्हणून पहिल्यांदा गायकाशेजारी बसतो तेव्हा बहुधा स्वतःचेच वादन चालू ठेवतो.