बेटावरची पावसाळी भटकंती आणि परतल्यावरचा ताप

आपल्या पूर्णेहून मुंबईला गेलेली मंडळी आता भर पावसाळ्यातही घारापुरीचे बेट पाहून येतात. काहीजण अंदमानपर्यंत जातात. जरूर जावे, चढण चढणे प्रकृतीला चांगलेच. पण शेवाळलेल्या पायऱ्यांवरून घसरण्याची जितकी काळजी घेतली जाते, तितकी चिखलाची घेतली जात नाही.

उंदीर, गुरे, कुत्री यांच्या मूत्रातील लेप्टोस्पायरा हे जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात व पायाच्या भेगांतून, जखमांतून शरीरात शिरतात. अंदमानात पावसानंतर येणारा रक्तस्रावी ताप हा लेप्टोस्पायरोसिसच असल्याचे १९९०च्या दशकात दिसून आले. २००० साली बोर्निओ बेटावर जंगल व नदीतून झालेल्या साहसी शर्यतीनंतर अनेक धडधाकट स्पर्धक याच रोगाने आजारी पडले.

हा ताप बहुधा ५ ते १४ दिवसांनी येतो. तोवर माणूस घरी परतलेला असतो आणि सहल विसरलेला असतो. डोके व पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात. मग दुकानातून अंगदुखीच्या गोळ्या आणल्या जातात. माझ्या मते खरा धोका इथेच आहे. या गोळ्यांनी मूत्रपिंडावर आणखी ताण पडू शकतो. कावीळ दिसली किंवा लघवी कमी झाली तर रुग्णालय गाठावे. वेळीच प्रतिजैविके मिळाल्यास रोग बहुधा आटोक्यात येतो.

तेव्हा बंद बूट घाला, जखम झाकून ठेवा. ताप आल्यास आपण कुठे फिरून आलो, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. आम्हा डॉक्टरांनीही ते विचारलेच पाहिजे. गोदाकाठच्या चिखलात राबणाऱ्या शेतकऱ्यांनाही हाच नियम लागू आहे.